बंद पडलेल्या कंपनीचं काय करायचं? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शेडमध्ये नवी कार्यालयं, कार्यशाळा, स्टुडिओ बसवायचं काम मी करतो. प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे असतात. जागेचे मालक, तिथे भाड्यानं येऊ बघणारे, आणि भिंतीपलीकडे राहणारे. पहिल्या दोघांना पैसे देऊन सल्लागार मिळतो, तिसऱ्याला कुणी भेटत नाही. म्हणून इथली बरीचशी उत्तरं तिसऱ्याच्या बाजूला कललेली आहेत.

नेमक्या कुठल्या इमारतींबद्दल बोलताय?

पुण्यात कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नाही, ‘कंपनी’ म्हणतात. या कंपन्यांच्या साधारण तीन पिढ्या आहेत. पहिली दगड-विटांची. स्टेशनजवळची राजा बहादूर मोतीलाल गिरणी १८९३ची. तिच्या आवारात आता हॉटेलं आणि कार्यालयं आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे तिच्याहूनही जुना, पण तो चालू आहे, तेव्हा आपल्या प्रश्नात येत नाही.

दुसरी पिढी स्वातंत्र्याच्या आगेमागची. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये आली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात शेडमागून शेड उभ्या राहिल्या. हडपसर आणि कोथरूडही त्याच लाटेतले. तिसरी पिढी पर्वती किंवा भवानी पेठेसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या गाळ्यांची.

आमच्याकडे येणारं काम बहुतेक दुसऱ्या पिढीचं असतं. तिला वारसा म्हणून कुणी मान देत नाही, कारण ती सुंदर नाही. पण लोकांच्या तोंडी ती पक्की बसलेली आहे. मेट्रोच्या वनाझ स्थानकाला एका कंपनीचं नाव आहे, मोरवाडीजवळच्या फिनोलेक्स चौकालाही.

सरळ पाडून टॉवर का बांधू नये?

कधीकधी पाडावंच. गंजानं पोखरलेली शेड केवळ ‘जुनी’ म्हणून जपण्यात अर्थ नाही. पण पाडण्याआधी हिशेब पुरा मांडावा.

कार्यालयाच्या स्लॅबचं डिझाइन भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरून करतात. यंत्रं चालणाऱ्या जागेला हाच आकडा हलक्या कामासाठी ५००, मध्यम कामासाठी ७००, जड कामासाठी १,००० किलो असतो. म्हणजे मूळ बांधकाम नियमानं झालं असेल आणि आज धड असेल, तर जिथे लेथ चालले तिथे टेबल-खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, मधला पोटमाळासुद्धा निभावतो. वर सात-आठ मीटर उंची आणि खांबांशिवायची सलग जागा आयतीच मिळते. ती आज नव्यानं बांधायची म्हटलं तर परवडत नाही. शिवाय एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभी इमारत वापरली की तेवढं सिमेंट वाचतं.

आता मालकाची बाजू. शेड ठेवली तर एफएसआय, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधायची मुभा असते ते, पूर्ण वापरला जात नाही, आणि पुण्यात जमिनीचा भाव एफएसआयवरच ठरतो. म्हणून शेड वाचवायला या, असं नुसतं म्हणून कुणी ऐकत नाही. रस्त्याकडेची शेड ठेवायची आणि मागच्या मोकळ्या भागात नवं उंच बांधायचं, ही तडजोड मला बऱ्याचदा पटते. रस्त्याची उंची माणसाच्या मापाची राहते आणि मालकाचं गणितही बसतं.

इमारत टिकेल, हे कसं कळणार?

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, तसंही कायद्यानं करावी लागते. पण शिक्का मारलेल्या दोन पानी दाखल्यावर समाधान मानू नका. काँक्रीटला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी हवी, शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून प्रयोगशाळेत दाबून बघायला हवा.

लोखंडी शेडमध्ये मी सगळ्यात आधी वर चढतो. करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल, तर दोन दातांच्या मधल्या पन्हळीत पान, माती, कबुतराची घाण साचते. पावसाळाभर पाणी तुंबतं आणि कैचीचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं, टोक आतून सडतं. खालून रंग दिलेला असतो, त्यामुळे काही दिसत नाही. नंतर खांबांचे पाय बघायचे. जमिनीलगतचं पहिलं वीतभर लोखंड बोटानं खरवडलं की खवले निघतात का, ते पाहायचं.

पुणे भूकंपाच्या नकाशावर आजवर तिसऱ्या विभागात राहिलं आहे. लोखंडी सांगाडा हलका असल्यामुळे तो तग धरतो. धोका असतो तो मधे भरलेल्या उंच विटांच्या भिंतींचा. सहा मीटर उंच, नऊ इंची, ना मधे पट्टा ना वर धरलेली. ती आडवी पडू शकते. तिला सांगाड्याशी बांधून घेणं हे स्वस्त काम आहे, पण फोटोत दिसत नाही म्हणून ते शेवटी ढकललं जातं.

क्रेन जिच्यावरून सरकते ती गॅन्ट्री ठेवा. शोभेसाठी नाही. जड सामान चढवायला आयती सोय राहते, आणि वायरी, डक्ट टांगायलाही.

पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होईल, त्याचं काय?

होईल, जर तुम्ही पत्रा तसाच ठेवून खाली जिप्समचं छत मारलंत आणि एसी लावत बसलात तर. जुन्या बांधणाऱ्यांना हे गणित कळत होतं. करवती छपराच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. उत्तरेकडून येतो तो थंड, सारखा उजेड. पण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. १३-१४ मेच्या सुमारास इथे शून्य सावली दिवस येतो, आणि तिथून जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. नेमक्या त्या आठवड्यांत नॉर्थ लाइटमधूनही, म्हणजे या उत्तरेच्या काचांमधूनही, ऊन आत उतरतं. काचांवर बाहेरून छोटी छज्जी किंवा झाप लावली की भागतं. युरोपातल्या फोटोवरून नक्कल करणारे इथे फसतात.

बाकी उपाय सोपे आहेत. छपराला पांढरा परावर्तक रंग, पत्र्याच्या जागी पफ पॅनेल, म्हणजे मधे फोम भरलेला दुहेरी पत्रा, आणि कण्याशी गरम हवा बाहेर जायला मोकळी वाट. एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. नुसत्या पत्र्यावर जुलैचा पाऊस सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मीटिंगच्या खोल्यांवर वेगळं छत घालाच.

छताला सिमेंटचे पत्रे आहेत. काढायचे का?

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. धड पत्रा जागेवर असताना धोका कमी असतो. तो फोडताना, ड्रिल मारताना, घणानं पाडताना तंतू उडतात. म्हणून पत्रे ओले करून, स्क्रू सोडवून, अख्खे उतरवायचे, आणि ठेकेदाराच्या पोरांना योग्य मास्क द्यायचे. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. शेजारच्यांनी यावर लक्ष ठेवावं. धूळ तुमच्याच गॅलरीत येते.

जमिनीत काय मुरलं असेल?

कंपनीत काय बनत होतं, त्यावर आहे. नुसतं असेंब्लीचं काम असेल तर बहुधा तेलाचे डाग. ते काँक्रीटमध्ये इतके खोल जातात की वरचा इपॉक्सीचा लेप वर्षभरात सुटून येतो, मग वरचा थर खरवडून काढावा लागतो. पण इलेक्ट्रोप्लेटिंग झालं असेल तर क्रोमियमची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सहा संयुजेचं क्रोमियम विषारी असतं आणि पाण्याबरोबर सरकतं. प्लेटिंगच्या टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कुठल्या बाजूला सोडत, हे जुन्या कामगाराइतकं नकाशाला माहीत नसतं. तिथली माती आणि आवारातल्या बोअरचं पाणी तपासून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतिपत्रं मिळाली तर कुठलं रसायन वापरात होतं याचा अंदाज येतो. आवारात पाळणाघर किंवा भाजीचे वाफे करायचे असतील तर ही तपासणी आधी.

परवानग्या कुणाच्या लागतात?

जागा महापालिकेच्या हद्दीत असेल तर बांधकाम परवानगी विभागाकडून वापरबदल करून घ्यावा लागतो. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. वापर बदलला की पार्किंग, जिने, शौचालयं यांचे आकडे बदलतात. शेड तीच असली तरी कागदावर ती नवी इमारत होते. एमआयडीसीचा भूखंड असेल तर तो मुळात ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा असतो आणि परवानगीही एमआयडीसीच देते.

अग्निशमनाचा दाखला वेगळा. महाराष्ट्राच्या २००६च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. भाड्यानं जाणाऱ्यांनी करारावर सही करण्याआधी शेवटचं प्रमाणपत्र बघायला मागावं. चाचपडत उत्तर आलं तर समजून जावं.

आयटीला औद्योगिक विभागात परवानगी आहे, म्हणून शहरातल्या कित्येक कंपन्यांच्या जागी काचेच्या आयटी इमारती आल्या. ती वाट सगळ्यात सोपी होती, एवढंच त्याचं कारण.

कामगारांची देणी राहिली असतील तर?

तर आधी ती. औद्योगिक जागेवर निवासी किंवा व्यापारी वापर मागताना कामगारांची कायदेशीर देणी भागल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला नियमावलीत मागितलेला आहे. माझे वडील ज्या कंपनीत होते ती बंद पडल्यावर ग्रॅच्युइटीसाठी ते आणि त्यांचे सोबती कितीतरी वर्षं फायली घेऊन फिरले. त्याच आवारात पुढे झालेल्या उद्घाटनाला त्यांच्यापैकी कुणालाही बोलावणं नव्हतं. ही तक्रार मी अजून मनात धरून आहे, हे मान्य करतो.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. १९८२च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला. ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता इमारतींखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीचीच धरली गेली. मोकळी जमीन होतीच किती? सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. एका शब्दाच्या व्याख्येत शहराची कितीतरी मैदानं गेली. म्हणून आपल्याकडेही ‘सुविधा क्षेत्र सोडलं आहे’ असं कुणी म्हणालं की नकाशा मागा आणि ते नेमकं कुठल्या कोपऱ्यात आहे, तिथे रस्त्यावरून जाता येतं का, ते बघा.

आम्ही शेजारी राहतो. आम्हाला यातून काय मिळणार?

आपोआप काहीच नाही. कंपनी चालू होती तेव्हा भिंत उंच होती, पण भिंतीतून पगार बाहेर येत होता. पाळी सुटली की फाटकासमोर चहाची गाडी, खानावळ, सायकल दुरुस्ती, किराण्याची उधारी, सगळं त्यावर चालायचं. आता आत लॅपटॉपवाले आले, त्यांचं जेवण ॲपवरून येतं, गाडी तळघरात लागते, आणि भिंत तेवढीच उंच राहते. मग वस्तीला उरते ती फक्त वाहतूक. मी कुठलाही प्रस्ताव हातात आला की पहिल्यांदा कैच्या बघत नाही, कुंपणाची भिंत बघतो.

ती पाडायची गरज नसते. तिच्यात गाळे काढता येतात, तोंड रस्त्याकडे करून. आतलं कँटीन असं बसवता येतं की एक खिडकी पदपथाला उघडेल. दोनशे मीटर लांब भिंतीला दुसरं फाटक पाडलं आणि दिवसभर उघडं ठेवलं, तर पलीकडच्या शाळेतल्या मुलांचा वळसा वाचतो. बाहेरून वापरता येणारी शौचालयं द्या. रिक्षावाले आणि घरकामाला जाणाऱ्या बायका दुवा देतील.

मग अभ्यासिका. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याचे पैसे भरून एका खुर्चीत बारा तास बसतात. कार्यालयाचा मोठा हॉल संध्याकाळी सातनंतर रिकामा असतो, वीज-पंखे तेच. वॉचमनचा एक पगार वाढतो, बाकी फार नाही.

पाळणाघराचंही तसंच. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानं बंधनकारक आहे. जुन्या शेडमध्ये मात्र बहुधा वीस-वीस माणसांच्या आठ-दहा संस्था असतात, म्हणजे एकीलाही बंधन नाही. सगळ्यांनी मिळून एक चालवलं, त्यात काही जागा वस्तीतल्या मुलांना ठेवल्या आणि ते वस्तीतल्याच बायकांच्या बचत गटाकडे दिलं, तर तीन कामं एकदम होतात.

पाणी. हजार चौरस मीटरचं छप्पर म्हणजे जवळपास दहा गुंठे. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर त्यावर सात लाख लिटर पडतं. वीस टक्के वाया गेलं तरी साडेपाच लाख उरतं. संडासाला आणि झाडांना ते वापरा, बाकी जिरवा. टँकर तेवढे कमी येतील, आणि टँकर कमी म्हणजे गल्लीतली अडचण कमी. कचऱ्यासाठी फाटकाजवळ वर्गीकरणाची सावलीची जागा ठेवा, ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना उन्हात रस्त्यावर पसारा मांडायला लावू नका.

आवार मोकळं ठेवलंत तर जूनपासून ढोल-ताशा पथक सरावाला जागा मागायला येणार, हे धरून चाला. दिवस आणि तास आधीच लिहून घ्या. नाही म्हणालात तर मंडळ रुसेल, हो म्हणालात तर सोसायटी.

जागा चकचकीत झाली की भाडी वाढून आम्हीच बाहेर जाऊ, असं नाही का होणार?

होतं. ही भीती अगदी रास्त आहे आणि तिच्यावर पूर्ण उतारा माझ्याकडे नाही. आधी झळ बसते ती आजूबाजूच्या फॅब्रिकेशनवाल्याला, लेथवाल्याला, खोकी बनवणाऱ्याला. त्यांचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे त्यांना हटवायला काही करावं लागत नाही, करार वाढवला नाही की झालं.

काही गोष्टी मात्र करता येतात, आणि त्या सुरुवातीलाच लिहून घ्याव्या लागतात. तळमजल्याचा ठरावीक भाग हातानं काम करणाऱ्यांसाठी, पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारानं, भाडेवाढ आधी ठरवून. यात परोपकार नाही. वरच्या मजल्यावर यंत्रांचे नमुने करणारी पोरं बसणार असतील तर खाली मिलिंग करून देणारा माणूस असणं ही त्यांच्या धंद्याची सोय आहे. पुण्यातून हे हात गेले तर पुन्हा जमवता येत नाहीत. फक्त आवाज आणि धूर यांचं आधी बघा. घणाचं काम वरच्या मजल्यावर स्टुडिओ असताना चालत नाही, तिथे वेगळी शेडच हवी. फाटकासमोरच्या पथारीवाल्यांना ‘सौंदर्यीकरणा’त उठवलं जातं. २०१४च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, त्यांनी प्रमाणपत्र जवळ ठेवावं.

पब आणि कॅफे येणारच का?

बहुतेक. उंच छत आणि विटांची भिंत दिसली की कुणालातरी तिथे बिअर विकाविशी वाटते. मालकालाही भाडं चांगलं मिळतं. माझा विरोध कॉफीला नाही. पण कार्यालयाच्या हिशेबानं झालेल्या जागेत रात्री तिप्पट गर्दी बसवणं वेगळं. २९ डिसेंबर २०१७ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. प्रत्येक वापराला स्वतःचे जिने, स्वतःची वाट हवी. रात्री दहानंतर बाहेर आवाज नको, हे नियमातच आहे, ते भाडेकरारातही घाला, म्हणजे पोलिसांना फोन करण्याआधी मालकाला करता येईल.

पार्किंग?

भांडण इथूनच सुरू होतं. दुचाकींसाठी भरपूर जागा द्या, चारचाकींना पैसे आकारा, आणि मेट्रो स्थानकापर्यंत पदपथ धड करून घ्या. पदपथ नसेल तर मेट्रो जवळ असून उपयोग नाही.

असं कुठे नीट झालंय?

मला साओ पावलोचं सेस्क पोंपेया आवडतं. पिंपं बनवायचा जुना कारखाना पाडायला निघाले होते. लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार तिथे गेल्या तेव्हा आसपासचे लोक रिकाम्या शेडमध्ये सुट्टीला आधीच जमत होते. त्यांनी शेड ठेवल्या, त्यात वाचनालय, नाटकघर, कार्यशाळा केल्या. १९८२ मध्ये ते खुलं झालं. तिथे माणसं नुसती बसायला येतात, काही विकत घ्यावं लागत नाही. रॉटरडॅमच्या व्हॅन नेले कारखान्यात चहा, कॉफी, तंबाखू यांचं काम चालायचं. आता तिथे कार्यालयं आहेत, आणि २०१४ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तो देखणा आहे, पण आपल्या कामाचा धडा मला पहिल्यात जास्त दिसतो.

आमच्या गल्लीतली कंपनी बंद आहे. सुरुवात कुठून करू?

मालक कोण आणि प्रकरण न्यायालयात आहे का, हे आधी शोधा. बँकेकडे गहाण असेल तर सगळं तिथे अडकतं. मग महापालिकेच्या विकास आराखड्यात त्या भूखंडावर काय दाखवलंय ते बघा. मालक भेटला तर एकदम मोठा प्रस्ताव नेऊ नका. एक शेड, तीन वर्षं, कमी भाडं, दुरुस्ती भाडेकरूची, असं मागा. रिकाम्या शेडची राखण करायचा वॉचमनचा पगार त्याचा चालूच असतो. तो मुद्दा पटतो. तेवढ्यात जुन्या कामगारांना गाठून आवाराचा हातानं काढलेला नकाशा करून घ्या. पाण्याची टाकी, तुंबणारी गटारं, बुजवलेली विहीर, सगळं त्यात येतं. फाटकं, लाकूड, दरवाजे, कड्याकोयंडे भंगारात घालू नका. तेच बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात दामदुपटीनं विकत घ्यायची पाळी येते.

भोंगा पुन्हा वाजवता येईल का?

हे खरोखर विचारतात, आणि बहुतेक वेळा निवृत्त कामगार. एका जागी यावर शेजाऱ्यांची बैठक झाली. समोरच्या चाळीतल्या एक आजी म्हणाल्या, सकाळी सातचा नको बाई, त्या भोंग्यावर मी तीस वर्षं डबे भरले. दुपारी बाराचा चालेल, कुकर लावायला.